मशीन डोळखांबात, पत्ता माहेरचा

डोळखांबच्या अलीकडे रस्ता वळसा घेऊन माळाला लागतो, तिथे योगिनी विशेने स्कूटर थांबवली. तिला आवाज आला होता. गवत कापायच्या मशीनचा आवाज बहुतेकांना एकसारखाच वाटतो, योगिनीला वाटत नाही. आयटीआयमध्ये इंजिनं उघडून जोडायला शिकलेली आणि नंतर एकाच कंपनीचं मशीन खांद्याला अडकवून शहापूर-मुरबाडची गावं पालथी घातलेली ती बाई. स्वस्तातलं मशीन रेस वाढवली की किंचाळतं. तिच्या कंपनीचं मशीन घुमतं. माळावर जे चाललं होतं ते घुमत होतं.

आणि तिथे तर तिने एकही मशीन विकलेलं नव्हतं. निदान कंपनीच्या हिशोबात तरी नव्हतं.

ती गवतातून चालत गेली. कंबरेएवढ्या गवतात बुध्या मशीन फिरवत होता आणि मागे त्याची बायको हिरी कापलेल्या गवताचे भारे बांधत होती. दिवाळीनंतर या भागातले माळ असेच कापले जातात. गवत वखारीत जातं, तिथे दाबून गाठी होतात आणि गाठी मुंबईच्या तबेल्यांकडे रवाना होतात. पूर्वी सगळी कापणी विळ्यावर चालायची. आता कुठे कुठे मशीन दिसायला लागलं होतं आणि त्यात योगिनीचा हात होता.

बुध्याने मशीन बंद केलं. "या ताई. बगा, तुमचाच मशीन."

"कधी घेतलंत?"

"दसऱ्याला. तुमीच तर चालवून दावला ना? इसरल्या काय?"

"दाखवलेलं आठवतंय. घेतलंत कुठून?"

"मोबाइलवर. तुमच्या कागदावर तो काळा चौकोन हाय ना, त्याचा फोटो मारला, पैसे भरले. मंग भिवंडीच्या गोदामातनं उचलून आणला. गावचा टेम्पो रिकामाच येत होता, म्हटलं भाडा कशाला भरा."

सगळं जसं व्हायला हवं तसंच झालं होतं. योगिनीचं काम मशीन दाखवायचं आणि माणसाला पटवायचं. पुढे माणूस फोनवर मागणी नोंदवतो, गोदामातून मशीन नेतो आणि महिनाअखेरीला योगिनीच्या फोनवर कंपनीचा हिशोब येतो, नुसत्या आकड्यांचा, नावं नसलेला. मग दसऱ्याच्या महिन्याच्या हिशोबात विक्रीसमोर शून्य कसं होतं?

हा प्रश्न तिला एरवीही पडला असता. पण या वेळी तो नुसता पडला नाही, टोचलाच. कारण दिवाळीच्या आठवड्यात कंपनीचं पत्र आलं होतं. शहापूर-मुरबाड भागात सलग दोन वर्षं ठरलेल्या आकड्यापेक्षा कमी मशिनं विकली गेली आहेत, तेव्हा मार्चअखेर हा भाग बंद करून शेजारच्या कर्जतच्या एजंटाकडे जोडला जाईल, असं त्यात लिहिलं होतं. कंपनीचं नाव ब्राखफेल्ड. जर्मनीतल्या कुठल्याशा गावातली. इकडच्या लोकांनी तिला कधीच ब्रेकफेल करून टाकलं होतं आणि मशीन चांगलं असूनही ते नाव सुटलं नाही.

या एजन्सीआधी योगिनी मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीत पॅकिंगला होती. काम कंत्राटी, दिवसभर एकाच टेबलाशी. टेपचा रोल ओढायचा, खोका बंद करायचा, पुढचा खोका. आता ती स्कूटरला मशीन बांधून निघाली की पाड्यावरच्या बाया लांबून ओरडायच्या, "मशीनवाली आली गो!" ते गेलं तर पुन्हा तोच टेबल आणि तोच टेप. पत्र आल्यापासून तिला टेप ओढल्याचा तो चर्रर्र आवाज ऐकू येत होता.

किन्हवलीला घरी पोचल्यावर तिने नवऱ्याला सगळं सांगितलं. संदेश वाशिंदच्या एका कारखान्यात फिटर.

"ढापलं," तो म्हणाला.

"कशावरून?"

"कंपनी हाय ना? मग ढापणारच. आमची काय वेगळी हाय?"

"अरे, पण नीट बघितल्याशिवाय कसं म्हणायचं?"

"तू बघणार कशी? त्यांच्या वह्या जर्मनीत."

सासू सकुबाई ओसरीवर वाल निवडत होती. ती मान वर न करता म्हणाली, "बाय, हितल्या तलाठ्याकडनं कागद काढायला चपला झिजतात. तो तर परमुलूख."

योगिनीला मात्र 'बघणार कशी' हा टोमणा न वाटता प्रश्न वाटला, आणि प्रश्न म्हटला की तिला उत्तर लागतं. लहानपणी रेडिओत माणूस कुठे बसतो ते बघायला तिने रेडिओ उघडला होता. मार खाल्ला, पण रेडिओ परत जोडून दाखवला. तसाच तिने करार उघडला. चार वर्षांपूर्वी सही करताना ती फक्त कमिशनचं पान वाचून थांबली होती. शेवटच्या पानावर एक ओळ होती: या कराराला जर्मनीचा कायदा लागू राहील.

"म्हणजे संपलंच," संदेश म्हणाला. "कोर्टात जायला विमान."

"थांब ना. कायदा काय म्हणतो ते तरी बघू."

जर्मन सरकारने आपले कायदे इंग्रजी भाषांतरासह लोकांसाठी खुले ठेवले आहेत, हे तिला त्या दिवशी कळलं. व्यापाराच्या कायद्यात एजंटांवर अख्खं प्रकरण होतं. तिने एक एक शब्द फोनवर शोधत ते वाचायला घेतलं आणि कलम सत्त्याऐंशी-सीपाशी आल्यावर ती उठून ओसरीवरच गेली.

"संदेश, हे ऐक. कंपनीनं एजंटाला दर महिन्याला हिशोब द्यायचा. फार तर तीन महिन्यांनी, त्यापुढे नाही."

"तो देतातच की."

"हां, पण पुढे बघ. एजंटानं मागितलं तर ज्या ज्या सौद्यांवर कमिशन बसतं त्या सगळ्या सौद्यांचा वहीतला उतारा द्यायचा."

"उतारा? सातबाराचा असतो तसा?"

"तसाच. जमिनीच्या जागी सौदे. कोणी घेतलं, कधी घेतलं, कितीला, परत केलं का, केलं तर का. एजंटाला आणखी काही माहिती लागली तर तीही द्यायची. आणि उतारा द्यायला नकार दिला, किंवा त्यात काही खोट असावी असं वाटायला सबळ कारण असलं, तर वह्याच उघडायच्या. एजंटासमोर, नाहीतर एजंट नेमेल त्या हिशोब तपासनीसासमोर."

संदेशने पहिल्यांदाच मोबाइल खाली ठेवला. "असं कोण लिहील कायद्यात?"

योगिनीलाही तेच नवल वाटत होतं. तिने त्यावर बराच विचार केला. एजंट दिसतो तो माळावर, गिऱ्हाइकापुढे. सौदा पक्का होतो तो कंपनीच्या घरात. एजंटाने बी पेरायचं आणि पीक दुसऱ्याच्या कोठारात मोजलं जायचं. तेव्हा कोठारात डोकावायला एक खिडकी हवीच, असं त्या लोकांना कधीतरी वाटलं असणार. शिवाय करारात काहीही लिहून ती खिडकी बुजवता येणार नाही, असंही त्याच कलमात होतं.

पण पुढे वाचताना तिला आणखी एक कलम सापडलं. एजंट युरोपाबाहेर काम करत असेल तर कंपनी त्याच्याशी वेगळं काहीही ठरवू शकते. म्हणजे खिडकी बुजवूही शकते.

"बघ," संदेश म्हणाला. "आपल्यासाठी नायच ते."

"ठरवू शकते, असं लिहिलंय. ठरवलंय का ते बघायला पाहिजे." तिने करार पुन्हा पहिल्या पानापासून घेतला. ओळीखाली पट्टी धरून ती शेवटापर्यंत गेली. वेगळं काहीही ठरवलेलं नव्हतं. जर्मनीचा कायदा लागू, एवढंच. म्हणजे किन्हवलीच्या योगिनी विशेला जर्मनीतल्या एजंटाइतकाच हक्क होता. ही गोष्ट तिला इतकी मजेशीर वाटली की त्या दिवशी भाजी करपली.

तिने ईमेल लिहिला. कलमाचा आकडा घातला आणि दोन्ही वर्षांचा उतारा मागितला. पुढे भांडायची वेळ आली तर म्हणून दोन कडक परिच्छेदही लिहून बाजूला ठेवले.

त्यांची गरजच पडली नाही. पंधरवड्यात उत्तर आलं. पाठवणारीचं नाव फ्राउ हालर, म्हणजे हालरबाई, हिशोब विभाग. उतारा सोबत जोडला आहे, काही शंका असल्यास कळवावे. शेजारणीने विरजण मागावं आणि आतून वाटी यावी, इतकं साधं.

"काय ग, चोर सापडला का?" संदेशने विचारलं.

योगिनी उताऱ्याकडे बघतच राहिली होती. "यात बुध्याभाऊ नाहीत. पण ज्यांना मी कधी बघितलंसुद्धा नाही, अशा बाया आहेत."

कंपनीने तिचं लपवलं असेल, हे तिला समजू शकत होतं. पण तिने न विकलेली मशिनं तिच्या नावावर लावून कमिशन द्यायचं कंपनीला काय कारण? उताऱ्यात एक नाव होतं रेश्मा. पत्ता मुरबाड तालुक्यातल्या धसईचा. योगिनी धसईला बाजाराच्या दिवशी कितीदा गेली होती, पण या घरात तिने पाऊल टाकलं नव्हतं. दुसऱ्याच दिवशी तिने स्कूटर काढली.

दारात एक वयस्कर बाई शेण्या थापत होती. तिचं नाव बाईजा.

"रेश्मा आहे का?"

"रेश्मा? ती दिली ना नेरळला. कवाच. तुमी कोन? बँकेच्या?"

"नाही, मी गवताच्या मशीनवाली. तिच्या नावावर मशीन आहे ना?"

"आसंल. जावयानं घेतलाय म्हनं. तिकडं नेरळला हाय तो. आमच्याकडं काय, इळा हाय."

"मग पत्ता इथला कसा?"

बाईजाने हात धुतले, योगिनीला बसायला पाट दिला आणि चहा ठेवता ठेवता सांगितलं, "तिचा आधार हितंच काढलेला, शाळेत होती तवा. दर खेपेला म्हनते, आये, या वक्ताला बदलून घेते. येते. बसते. जेवते. चार गोष्टी सांगते, रडते, हसते. मंग गाडीचा टाइम होतो. आधार राहतो."

योगिनीचा चहाचा कप तोंडाशी तसाच राहिला.

कंपनीची एक योजना होती. खरेदी बाईच्या नावावर असेल तर हमीचं एक वर्ष जास्त आणि किमतीत थोडी सूट. आणि मशीन दाखवून झालं की प्रत्येक गड्याला कोण सांगत होतं? "भाऊ, वहिनींच्या नावावर घ्या, फायद्यात राहाल." योगिनी विशेच सांगत होती, तेही मोठ्या उत्साहात. कागदावरचा काळा चौकोन सगळ्या एजंटांचा एकच, त्यामुळे मशीन कोणी दाखवलं ते त्यातून कळत नव्हतं; नोंद करताना मागितलं जायचं आधार कार्ड. मशीन माणसं स्वतः गोदामातून आणत, त्यामुळे ते कुठे पोचलं हे कंपनीला कळायचं काही साधनच नव्हतं. तिने आपलं कार्डावरचा पिनकोड बघितला आणि त्या भागात विक्री लावून टाकली.

धसईची लेक नेरळला नांदत होती, तरी ती योगिनीच्या भागात मोजली गेली. मग योगिनीच्या भागात नांदायला आलेल्या सुना कुठे मोजल्या गेल्या असतील?

"बाईजामावशी, मी निघते."

"अगो, चहा तरी संपव!"

ती थेट डोळखांबच्या पाड्यावर गेली. हिरी गवत उतरवून नुकतीच टेकली होती.

"गो हिरी, तुझं आधार दाखव बरं."

"आधार? मशीन नेता का काय परत?"

"नाही गं. नुसतं बघायचंय."

हिरीने पत्र्याच्या पेटीतून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं कार्ड काढलं. गाव राजूरच्या बाजूचं, तालुका अकोले. घाटाच्या वरचं.

"तू राजूरकडची?"

"मंग काय आभाळातनं पडले?"

बुध्या हसायला लागला. "आवो ताई, तुमीच बोलल्या ना, बाईच्या नावावर घ्या म्हनून. आता बाईच वरची, तर मी काय करू?"

"हिरी, पत्ता इकडचा का नाही करून घेतलास?"

हिरीला हा प्रश्न विचित्र वाटला असावा. "तिकडं माझा नाव हाय. आधारला हाय, रेशनला हाय. हिकडं काम हाय."

"आन् नवरा?" बुध्याने विचारलं.

"नवरा कामातच धरलाय."

योगिनी इतकी हसली की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यातलं थोडं हसण्याचं नव्हतं. कंपनीने ढापलेलं नव्हतं. आपला भाग आपणच दुसऱ्यांना वाटत सुटलो होतो, आणि वर त्याची जाहिरातही आपणच केली होती.

घरी आल्यावर तिने कायदा पुन्हा उघडला. एजंटाच्या खटपटीने झालेला सौदा एजंटाचा, हे एक. आणि एखादा भाग एजंटाला नेमून दिलेला असेल तर त्या भागातल्या माणसाशी झालेला सौदाही त्याचाच, मध्ये तो असो वा नसो, हे दुसरं. वाचायला सोपं होतं. पण हिरी कुठल्या भागातली? तिने हे संदेशला विचारलं.

"डोळखांबची. नांदते तिकडं ना?"

ओसरीवरून सकुबाईने तोंड घातलं. "मी किन्हवलीला आले तवा हितं वीजसुद्धा नव्हती. पोरं झाली, नातवंडं झाली. आजून माझ्या मागं काय म्हन्तात? टोकावडेवाली. आता सांग, मी कुठली?"

योगिनीने सासूकडे नव्याने बघितलं. या गावांत सुनेला तिच्या माहेरच्या गावानेच ओळखतात, जन्मभर. म्हणजे जर्मन कंपनी आणि किन्हवली गाव, दोघांचा हिशोब एकच होता!

आणि मग तिच्या लक्षात आलं की या हिशोबाची जाणकार तर समोरच बसली आहे.

"आई, आपल्या बाजूला नेरळवाली कोण कोण आहे?"

सकुबाईने वाल बाजूला सारले. "नेरळकडची ती चंदा. टोकावड्याच्या पंढरीची बायको. तिची जाऊ वाड्याची. सरळगावात एक मोखाड्यावाली हाय, बोलते लय. शेनव्याला..."

"हळू, हळू! मी ज्यांना मशीन दाखवलंय तेवढीच घरं सांगा."

योगिनी गड्यांची नावं घेत गेली आणि सकुबाई त्यांच्या बायकांची माहेरं सांगत गेली. एकदा अडली ती फक्त एका दुसरेपणाच्या लग्नाशी, आणि तिथेही शेजारणीला हाक मारून तिने ते गाव मिळवलं. पुढचे काही दिवस योगिनी त्या घरांतून फिरली. प्रत्येक मशीनवर कंपनीने ठोकलेला नंबर असतो. त्या नंबराचा फोटो, आणि बाईचा आपल्या दारात मशीनसोबत फोटो. फोटो जर्मनीला जाणार हे कळल्यावर बायकांनी तिला ताटकळत ठेवून चांगली लुगडी, साड्या नेसल्या. चंदाने तर मशीन पुसून त्याला हळदकुंकू लावलं. "गेल्या दसऱ्याला लावलं होतं, पुसलं गेलं," ती म्हणाली.

एक प्रश्न मात्र उरला होता, रेश्माचा. धसईच्या रेश्मासारख्या आणखीही लेकी उताऱ्यात होत्या, मुरबाडचा पत्ता आणि बाहेर सासर. ती मशिनं योगिनीची नव्हती, पण तिच्या नावावर होती.

"आपल्या सुना मागून घे," संदेश म्हणाला. "लेकींचा इषय काढू नको. कंपनीनं स्वतःहून दिल्यात."

"लेकी गेल्या तर आकडा कदाचित पुरायचा नाही."

"म्हणून तर म्हणतोय!"

तिने एक दिवस तसाच जाऊ दिला. खरं सांगायचं तर तिला मोह झाला होता. पण सुना मागायच्या तर त्यासाठी माहेर म्हणजे काय ते कंपनीला समजावून सांगावं लागणार, आणि एकदा ते फ्राउ हालरला समजलं की तिला लेकी दिसायला कितीसा वेळ लागणार? शिवाय नेरळचं ते मशीन कोणीतरी उन्हात खांद्यावर घेऊन चालवून दाखवलं असणार. नेरळ कर्जतच्या एजंटाच्या भागात येतं, म्हणून योगिनीने त्याला फोन लावला. त्याचं नाव भरत. एका प्रशिक्षणात भेटला होता, तेवढीच ओळख.

"नेरळचं?" भरत ओरडलाच. "ताई, ते मशीन मी दाखवलेलं! हिशोबात आलं नाही, मला वाटलं त्यानं घेतलंच नाही. वर्षभर त्या माणसाशी बोललो नाही मी. बाजारात दिसला की रस्ता बदलायचो."

"आणि टोकावड्याची चंदा तुझ्याकडे लागलीय. माहेर नेरळकडचं तिचं."

"चंदा... हां, आहे एक. मला वाटलं पोस्टर बघून घेतलं असेल कोणीतरी." मग त्याने आवाज खाली आणला. "ताई, एक सांगू? तुमचा भाग मला जोडणार म्हणून पत्र आलंय मला. मी मोठी स्कूटर पण बघून ठेवली."

याने नाही म्हटलं तर?

"मग?"

"मग काय! स्कूटरवाल्याला नाय सांगायला लागेल. तुमचे ते डोळखांबचे रस्ते मला कुठं जमणार? आणि माझं नेरळचं मशीन मला पाहिजे. त्या माणसाची माफी मागायचीय, तिथं जाऊन काय सांगू, तुझं मशीन मुरबाडला गेलं?" तो हसला. "चंदा घ्या तुमची. लेक आमची, मशीन तुमचं."

फोन ठेवण्याआधी योगिनीने त्याला सांगितलं, "तूही उतारा मागव. तुझ्या करारात पण तीच ओळ असेल."

"उतारा म्हणजे?" भरतने विचारलं, आणि तिला कलम सत्त्याऐंशी-सी पहिल्यापासून सांगावं लागलं.

सगळ्यात अवघड काम पुढेच होतं. फ्राउ हालरला लिहायचं होतं. योगिनीने लिहिलं की पत्ता बाईच्या लग्नाआधीच्या घराचा आहे. उलट प्रश्न आला: मग तो जुना पत्ता झाला. तो ओळखपत्रावर अजून का? आमच्याकडे घर बदललं की दोन आठवड्यांत नोंद करावी लागते. आपण हे कृपया स्पष्ट कराल का?

आता हे कसं स्पष्ट करायचं? जुना पत्ता म्हणावा तर बाईजाच्या घरी रेश्मासाठी अजून ताट होतं. दुसरा पत्ता म्हणावा तर तिथे ती राहत नव्हती. योगिनीने लिहिलं आणि खोडलं, लिहिलं आणि खोडलं. शेवटी तिने इंग्रजीत 'माहेर' हा शब्दच तसाच ठेवला आणि खाली साध्या वाक्यांत लिहिलं: हे बाईच्या आईवडिलांचं घर. लग्नानंतर ती तिथे राहत नाही, तरी ते जुनं होत नाही. आमच्या गावांत म्हातारपणीही बाईला त्याच गावच्या नावाने हाक मारतात. त्यामुळे कार्ड बदलायची घाई कोणाला वाटत नाही. पण गवत ती सासरी कापते. मशीन तिथे चालतं, मी ते तिथे दाखवलं, आणि तिथे चालत असल्याचे फोटो सोबत आहेत. याच कारणाने माझ्या उताऱ्यातली काही मशिनं माझी नाहीत, त्यांचीही यादी जोडते. तरी सुधारलेला उतारा मिळावा.

मग वाट बघणं आलं. जानेवारी गेला. माळ कापून बोडके झाले, वखारी गाठींनी भरल्या. संदेश रोज विचारायचा, "आली का गो तुझी फ्राउ?" हळूहळू त्याने विचारणं सोडलं, आणि ते योगिनीला जास्त लागलं. औद्योगिक वसाहतीतल्या जुन्या मुकादमाचा एकदा फोन येऊन गेला. पॅकिंगला जागा आहे, येतेस का? ती म्हणाली, मार्चनंतर सांगते.

फेब्रुवारी संपता संपता उत्तर आलं. तेव्हा ती सरळगावच्या स्टँडवर होती. एसटीची वाट बघणाऱ्या गर्दीत स्कूटरवर बसूनच तिने ते उघडलं. सुधारलेला उतारा जोडला होता. रेश्मा गेली होती. तिच्याबरोबर आणखी काहीजणी गेल्या होत्या, आणि त्यांचं कमिशन पुढच्या हिशोबात वळतं होणार होतं. हिरी आली होती. चंदा आली होती. मोखाड्यावाली, वाड्याची, सगळ्या आल्या होत्या. योगिनीने बोट सरकवत ओळी मोजल्या, विसरली म्हणून परत मोजल्या. पहिलं वर्ष तरीही कमीच भरत होतं. दुसरं वर्ष मात्र ठरलेल्या आकड्याच्या जेमतेम वर गेलं होतं. म्हणजे सलग दोन वर्षं कमी, ही अट आता लागू पडत नव्हती. भाग बंद करण्याचं पत्र कंपनीने मागे घेतलं होतं.

खाली फ्राउ हालरने दोन ओळी लिहिल्या होत्या. यापुढे मागणी नोंदवताना मशीन कोणत्या गावात चालणार हे वेगळं विचारलं जाईल. आणि फोटोत मशीनवर जो लाल-पिवळा रंग दिसतो तो गळतीचा तर नाही ना, याची कृपया खात्री करावी.

योगिनीने तिथूनच घरी फोन लावला. सकुबाईने उचलला. "राहिलं, आई. आपलं राहिलं!"

"राहिला ना? मंग येताना वाटाने आन," सकुबाई म्हणाली, आणि फोन ठेवायच्या आत शेजारणीला ओरडून सांगितलेलं योगिनीला ऐकू आलं.

त्या दुपारी तिला धसईच्या पुढे एका वाडीवर मशीन दाखवायचं होतं. शेतकरी तयारीतच होता. बांधावर त्याची बायको डोक्यावरची पाटी सावरत उभी होती. योगिनीने पट्टा खांद्यावर घेतला, दोरी ओढायला हात घातला आणि थांबली.

"वहिनी, तुम्ही कुठल्या?"

बाईने पाटी खाली ठेवली. "मी ना? मी मूळची माळशेजच्या वरची. ओतूर ठावं हाय का? त्याच्या आलीकडं. माझा भाव हाय तिकडं, त्याची कांद्याची..."

"आवो ताई," शेतकरी म्हणाला, "मशीन चालू करता ना?"

"करते, दादा. जरा थांबा." योगिनीने पट्टा उतरवला आणि बांधावर बसली. "हां वहिनी, आणि आधार कुठलं आहे तुमचं?"